देशाचं नाव यादीत नाही : आंतरराष्ट्रीय नागरी सेवेची तयारी करणाऱ्या एका पदवीधर मुलीचं प्रकरण

संयुक्त राष्ट्रांत जायचंय म्हणून मार्गदर्शन मागायला येणाऱ्या मुलामुलींच्या डोक्यात बहुतेक वेळा यूपीएससीचा नकाशा असतो. एक जाहिरात, एक अभ्यासक्रम, एक गुणवत्ता यादी, आणि नाव लागलं की निवृत्तीपर्यंतची निश्चिंती. आंतरराष्ट्रीय नागरी सेवेत, म्हणजे संयुक्त राष्ट्रं आणि तशाच संस्थांच्या नोकरीत, भरती मात्र जागेगणिक होते. प्रत्येक जागेची जाहिरात वेगळी, लेखी चाचणी वेगळी, मुलाखत वेगळी. पदवीधरांना थेट आत घेणाऱ्या ज्या थोड्या प्रशिक्षण योजना आहेत, त्यांची दारं वय, पासपोर्ट आणि पैसा पाहून उघडतात. हुशारीचा नंबर त्यानंतर लागतो.

हे सगळं एका मुलीच्या बाबतीत २०२१ ते २०२५ या काळात कसं घडत गेलं, ते इथे मांडते आहे. मी संख्याशास्त्र शिकवते आणि या वाटेने जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांशी बोलत असते. त्यांपैकी ही एक. तिचं नाव, गाव, ज्या संस्थांत तिने काम केलं त्यांची नावं वगळली आहेत. मजकूर तिने वाचला आहे आणि तिची परवानगी आहे.

पार्श्वभूमी

ती लातूर जिल्ह्यातली. जन्म नोव्हेंबर १९९६ चा. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आई अंगणवाडी सेविका. लहानपणापासून घरात आईची रजिस्टरं पडलेली असायची आणि महिनाअखेरीस मुलांची वजनं तक्त्यात भरायला ही आईला मदत करायची. लातुरातच संख्याशास्त्रात बीएस्सी केलं आणि मग एमएस्सीसाठी मुंबईत, देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत प्रवेश मिळाला.

या संस्थेविषयी आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं, म्हणून दोन ओळी. १९५६ मध्ये भारत सरकार, संयुक्त राष्ट्रं आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांच्या सहकार्याने ती सुरू झाली. आशिया आणि प्रशांत महासागराच्या टापूतल्या देशांसाठी लोकसंख्याशास्त्रज्ञ तयार करणं हे तिचं मूळ काम. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, १९९२-९३ च्या पहिल्या फेरीपासून, हीच संस्था करते. म्हणजे आंतरराष्ट्रीय सेवेला लागणारं एक ठोस कौशल्य शिकवणारी जागा ट्रॉम्बे-चेंबूरच्या पट्ट्यात साठ-सत्तर वर्षांपासून उभी आहे, आणि मुलं मात्र ‘यूएनसाठी कुठला कोर्स करू’ असं विचारत फिरतात.

२०१९ मध्ये एमएस्सी झाल्यावर ती एका मोठ्या आरोग्य सर्वेक्षणात करारावर लागली. क्षेत्रातून येणारी माहिती तपासायची, विसंगती काढायची, तपासनिसांना परत पाठवायचं. काम चांगलं होतं. करार मात्र २०२१ च्या मध्याला संपत होता.

अडचण

ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्याकडे एक वही होती आणि वहीत योजनांची यादी. आम्ही एकेक ओळ घेऊन बसलो.

पहिलं नाव संयुक्त राष्ट्र सचिवालयाच्या यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅमचं, म्हणजे वायपीपीचं. जुन्या राष्ट्रीय स्पर्धा परीक्षेच्या जागी ही योजना २०११ मध्ये आली. पदवी, इंग्रजी किंवा फ्रेंचवर प्रभुत्व, आणि परीक्षेच्या वर्षी वय ३२ किंवा त्याहून कमी. इथपर्यंत सगळं जुळत होतं. पण अर्ज करता येतो तो त्या वर्षीच्या यादीतल्या देशांच्या नागरिकांनाच, आणि त्या वर्षीच्या यादीत भारत नव्हता.

ही यादी का असते, हे समजून घ्यायला हवं, नाहीतर मुलं उगाच खचतात. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम १०१ मध्ये म्हटलं आहे की नेमणुका करताना कार्यक्षमता, पात्रता आणि सचोटी यांचा सर्वोच्च दर्जा पाहायचा, आणि कर्मचारी शक्य तितक्या विस्तृत भौगोलिक पायावर निवडण्याकडेही लक्ष द्यायचं. त्यासाठी प्रत्येक सदस्य देशाला जागांचा एक ‘अपेक्षित पल्ला’ ठरवून दिलेला असतो. १९८८ पासून लागू झालेल्या सूत्रात ५५ टक्के भार देशाच्या आर्थिक वर्गणीला, ४० टक्के निव्वळ सदस्यत्वाला आणि फक्त ५ टक्के लोकसंख्येला दिला होता. शंभर कोटींच्या वर लोक असलेल्या आणि नियमित अंदाजपत्रकात साधारण एक टक्का वर्गणी भरणाऱ्या देशाचा पल्ला त्यामुळे लहान राहतो, आणि त्यात आधीपासून असलेले भारतीय अधिकारी मोजले की तो भरलेला दिसतो. ज्या देशांचा पल्ला रिकामा किंवा अपुरा भरलेला आहे, त्यांच्यासाठी वायपीपी. यात तिची काहीही उणीव नव्हती.

दुसरं नाव ज्युनियर प्रोफेशनल ऑफिसर योजनेचं. १९६१ पासून चालत आलेली ही पद्धत अशी की एखादं सरकार पैसे भरतं आणि त्या पैशांवर तरुण उमेदवार दोन-तीन वर्षं संयुक्त राष्ट्रांच्या एखाद्या संस्थेत काम करतो. पैसे भरणारी बहुतेक सरकारं आपल्याच नागरिकांना पाठवतात. जर्मनी, जपान, दक्षिण कोरिया, स्वीडन, डेन्मार्क यांनी आपली माणसं या सेवेत नेण्यासाठी ही वाट अनेक वर्षं नेटाने वापरली आहे. जर्मनीत तर त्याच्याही आधीची पायरी आहे. कार्लो श्मिड योजनेतून विद्यार्थ्यांना आंतरराष्ट्रीय संस्थांत प्रशिक्षणार्थी म्हणून जायला विद्यावेतन मिळतं. आपल्या मुलीला यातलं काहीच लागू नव्हतं.

तिसरं, जागतिक बँकेची १९६३ पासूनची यंग प्रोफेशनल्स योजना. तिथे भारतीयांना मज्जाव नाही, पण दोन वर्षांच्या कराराच्या अनुभवावर तिथली स्पर्धा पेलणं कठीण होतं. तिने अर्ज केला होता, पहिल्याच छाननीत तो बाहेर पडला.

चौथी वाट प्रशिक्षणार्थीची. न्यूयॉर्क किंवा जिनिव्हात सचिवालयाची इंटर्नशिप विनावेतन असते. युनिसेफ, यूएनडीपी, डब्ल्यूएचओ अशा काही संस्था आता विद्यावेतन देतात, पण तिथे अर्जांचा ढीग. २०१५ मध्ये जिनिव्हातला एक प्रशिक्षणार्थी भाडं परवडत नाही म्हणून तंबूत राहतो, ही बातमी जगभर गेली होती. शिक्षकाच्या पगारावर चालणाऱ्या घरातल्या मुलीने जिनिव्हाचा सहा महिन्यांचा खर्च कुठून आणायचा?

वय २४. करार संपत आलेला. घरी स्थळं बघायला सुरुवात झालेली.

समोर असलेले पर्याय

युरोपातल्या एका विद्यापीठात ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ विषयात दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला तिला प्रवेश मिळाला होता. फी त्यामानाने कमी, पण शहर महाग. सगळं धरून खर्च चाळीस लाखांच्या घरात जात होता. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक तारण मागते, आणि तारण म्हणून शेती सहसा चालत नाही. म्हणजे गावातलं राहतं घर गहाण टाकावं लागलं असतं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती तिला लागू नव्हती.

या पर्यायावर आम्ही सर्वांत जास्त वेळ बोललो. तिचे बाबा घर गहाण टाकायला तयार होते, हे मला आजही आठवलं की गलबलून येतं. पण प्रश्न असा होता की त्या पदवीने तिला नेमकं काय मिळालं असतं? पी-२ दर्जाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अधिकाऱ्यांच्या सुरुवातीच्या पायरीवरच्या, जागेला पदव्युत्तर पदवी लागते, ती तिच्याकडे होतीच. लागतो तो दोन वर्षांचा संबंधित अनुभव, आणि तो वर्गात बसून मिळत नाही. शिवाय संख्याशास्त्र आणि लोकसंख्याशास्त्र हे तिचं हत्यार होतं. ते बाजूला ठेवून ती सर्वसाधारण विषयाच्या गर्दीत उभी राहिली असती.

दुसरा पर्याय पुण्यातल्या एका खासगी वर्गाचा. ‘आंतरराष्ट्रीय नागरी सेवा फेलोशिप’ असं भारदस्त नाव, नऊ महिन्यांचा अभ्यासक्रम, दीड लाखाच्या पुढे फी आणि शेवटी प्रमाणपत्र. माहितीपत्रकावर निळ्या रंगाची उधळण अशी, की बघणाऱ्याला वाटावं हे संयुक्त राष्ट्रांचंच काहीतरी आहे. तिने त्यांना फोन करून विचारलं की मागच्या तुकडीतलं कोण कुठल्या जागेवर लागलं. उत्तर आलं, ‘आमचे विद्यार्थी अनेक देशांत आहेत.’ तिने पुन्हा विचारलं, ‘कुठल्या संस्थेत, कुठल्या पदावर?’ त्यानंतर फक्त सवलतीचे मेसेज येत राहिले. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण फसलेली मुलं मी पाहिली आहेत. संयुक्त राष्ट्रं भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर उमेदवाराकडून एक रुपयाही घेत नाहीत. अर्जाची फी नाही, प्रशिक्षणाची नाही, मुलाखतीची नाही.

तिसरा पर्याय भारतीय सांख्यिकी सेवेचा, आयएसएसचा. हा बाबांचा आवडता. यूपीएससीमार्फत परीक्षा, वयोमर्यादा ३०, गट ‘अ’ ची नोकरी. पर्याय खरोखर चांगला होता. आयएसएसचे अधिकारी पुढे प्रतिनियुक्तीवर आंतरराष्ट्रीय संस्थांतही जातात, म्हणजे वाट लांबची पण भक्कम. अडचण एवढीच की जागा फार थोड्या असतात आणि तयारीला पूर्ण वेळ द्यावा लागतो.

चौथा पर्याय तिने वहीच्या शेवटच्या पानावर, जवळजवळ लाजत लिहिला होता. संयुक्त राष्ट्रांचे स्वयंसेवक, म्हणजे यूएनव्ही. ही योजना १९७० मध्ये महासभेच्या ठरावाने सुरू झाली, मुख्यालय जर्मनीत बॉन इथे आहे. १८ ते २६ वयाच्या मुलांसाठी आपल्याच देशात ‘राष्ट्रीय युवा स्वयंसेवक’ म्हणून जागा निघतात. पगार नाही, निर्वाह भत्ता. बिहारमध्ये एका संस्थेच्या राज्य कार्यालयाला आरोग्याच्या आकडेवारीसाठी असा एक माणूस हवा होता.

निर्णय

बाबांचा मला फोन आला. ‘मॅडम, परमनंट आहे का?’ नाही, म्हटलं. ‘पगार?’ भत्ता आहे, आत्ताच्या पगाराहून थोडा कमीच. ‘मग हे सोशल वर्क झालं. ते तर आमची मंडळी रोजच करते.’

त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. स्वयंसेवक हा संयुक्त राष्ट्रांचा कर्मचारी धरला जात नाही, आणि करार संपल्यावर सामावून घेण्याची कसलीही हमी नसते. मी त्यांना तसंच सांगितलं. बाजूने बोलणाऱ्या गोष्टी दोनच होत्या. कर्ज नाही, आणि कामाची जबाबदारी खरी आहे. एखादी योजना जोखताना मी हेच पाहते की उमेदवाराच्या हातात असं काम पडणार आहे का, ज्याचा जाब त्याला विचारला जाईल. बाकी व्याख्यानं, कार्यशाळा, प्रमाणपत्रं यांना निवड मंडळापुढे फार किंमत येत नाही.

शेवटी तिने मधला मार्ग काढला. २०२१ मध्ये आयएसएसचा एक प्रयत्न द्यायचा, आणि बिहारची जागा मिळाली तर घ्यायची. परीक्षा झाली, लेखीत नाव आलं नाही. बिहारची निवड झाली. वर्षाच्या शेवटी ती पाटण्याला गेली.

बिहारमधली दोन वर्षं

काम असं होतं की जिल्ह्यांकडून दरमहा येणारे आरोग्याचे आकडे विश्वासार्ह आहेत का, ते पाहायचं. एका प्राथमिक आरोग्य केंद्रात तिने प्रसूती कक्षाचं रजिस्टर उघडलं. जन्मवजनाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत २.५, २.५, ३.०, २.५, २.५. पान उलटलं तरी तेच. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे दिसताच कळतं की वजन मोजलेलं नाही, अंदाजाने गोल केलेलं आहे. आणि गोल करायला २.५ हाच आकडा का, तर अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं धरलं जातं. २.५ लिहिलं की पुढचं काही करावं लागत नाही.

ती तिथल्या सिस्टरपाशी बसली. आरोप न करता विचारलं की काटा कुठला आहे, वजन कधी घेता. काटा स्प्रिंगचा, जुना, शून्यावर न येणारा. रात्रपाळीला एकच सिस्टर, एकामागून एक बाळंतपणं, आणि बाळ आधीच कापडात गुंडाळून आजीच्या मांडीवर गेलेलं. सकाळी रजिस्टर पूर्ण करायचं. मग २.५. यात कुणाची बदमाशी नव्हती, पण दोन किलो दोनशे ग्रॅमचं बाळ अडीचचं लिहिलं गेलं की आशाताईला त्याच्यावर जास्त लक्ष ठेवायचं आहे हे कळतच नव्हतं.

तिने जिल्ह्यातल्या केंद्रांच्या नोंदींचा आलेख काढला, कुठे २.५ चा ढीग आहे ते दाखवलं, डिजिटल काट्यांची मागणी वरिष्ठांमार्फत लावून धरली. काही केंद्रांत काटे आले. बाळ गुंडाळण्याआधी वजन आणि लगेच नोंद, एवढाच बदल सिस्टरांबरोबर बसून ठरवला.

मग खरी कसोटी आली. नीट मोजायला लागल्यावर कमी वजनाच्या बाळांचं प्रमाण कागदावर वाढलं. ते वाढणारच होतं. जिल्ह्याच्या आढावा बैठकीच्या आदल्या दिवशी तिथल्या एका अधिकाऱ्यांनी तिला बोलावून घेतलं. सूर दमदाटीचा नव्हता, उलट आपुलकीचा होता. हा तक्ता या महिन्यात दाखवू नका, आमचा जिल्हा खाली दिसेल, पुढच्या तिमाहीत बघू.

२५ वर्षांची, परक्या राज्यातली, भत्त्यावर काम करणारी मुलगी. जिल्ह्यातलं सगळं काम या अधिकाऱ्यांच्या सहकार्यावर अवलंबून. तक्ता काढून टाकणं सोपं होतं. तडक नकार देऊन नैतिक विजय मिळवणंही एका अर्थी सोपं होतं, पण त्यानंतर केंद्रांचे दरवाजे बंद झाले असते.

सनदेच्या कलम १०० मध्ये कर्मचाऱ्यांनी कुठल्याही सरकारकडून सूचना मागू नयेत किंवा घेऊ नयेत असं म्हटलं आहे. स्वयंसेवकाला कर्मचाऱ्याचा दर्जा नसला, तरी तो आचारसंहितेवर सही करून येतो. पण हे कलम पाठ असणं आणि त्या खोलीत बसून काय करायचं ते सुचणं यांत फार अंतर आहे. तिने त्या संध्याकाळी पाटण्याला आपल्या पर्यवेक्षकांना फोन करून जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. आकडा बदलायचा नाही हे दोघांचं एकमत झालं. मग तिने तक्त्याशेजारी दुसरा आलेख जोडला, २.५ चा ढीग आधी किती होता आणि आता किती उरला. शीर्षक दिलं, ‘मोजमापातली सुधारणा’. सकाळी बैठकीआधी अर्धा तास ती त्या अधिकाऱ्यांकडे गेली आणि म्हणाली की हा आलेख दाखवला तर जिल्हा खाली नाही, पुढे दिसतो. त्यांनी बराच वेळ पाहिला. बैठकीत आलेख स्वतःच समजावून सांगितला.

माझ्या मते या सबंध प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. तिने खरं सांगितलं, आणि ते सांगताना समोरच्याला मान वर ठेवून उभं राहता येईल अशी जागाही करून दिली. आंतरराष्ट्रीय सेवेत माणूस दिवसभर हेच करत असतो, आणि हे शिकवणारा वर्ग कुठे भरत नाही.

मुलाखती

दुसऱ्या वर्षी, २०२३ च्या सुरुवातीला, तिने दुसऱ्या राज्यातल्या राष्ट्रीय अधिकारी पदासाठी, म्हणजे एनओ-ए दर्जासाठी अर्ज केला. लेखी चाचणीत आकडेवारीचा संच देऊन दीड तासात टिपण लिहायला सांगितलं होतं, ते तिला उत्तम जमलं. मुलाखतीत ती पडली.

तिथले प्रश्न ज्ञान तपासत नाहीत, वागणूक तपासतात. सहकाऱ्याशी मतभेद झाला असा एक प्रसंग सांगा. एखादं काम वेळेत होणार नाही असं दिसल्यावर काय केलंत? उत्तरात तिने सगळ्या टीमचं कौतुक केलं, पर्यवेक्षकांना श्रेय दिलं, सिस्टरांना दिलं. स्वतः नेमकं काय केलं ते शेवटपर्यंत बाहेर आलंच नाही. आपल्याकडच्या चांगल्या घरातल्या मुलांचं हे हमखास होतं. स्वतःबद्दल बोलणं म्हणजे बढाई, हे इतकं मुरलेलं असतं की गुण देणाऱ्या मंडळाच्या हाती काहीच लागत नाही.

त्यानंतर तिने दोन वर्षांतले प्रसंग वहीत उतरवायला घेतले. परिस्थिती काय होती, माझ्यापुढे काय काय वाटा होत्या, मी कुठली घेतली आणि का, निकाल काय लागला, आता असतं तर काय बदललं असतं. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून मूल्यांची जी चौकट लागू केली आहे, समावेशकता, सचोटी, विनम्रता आणि मानवता, त्यांतल्या प्रत्येकीखाली एकदोन प्रसंग. फोनवर आम्ही सराव करायचो आणि ती बोलता बोलता पुन्हा टीमच्या मागे लपली की मी थांबवायचे. जन्मवजनाची गोष्ट चार मिनिटांत, स्वतःच्या निर्णयासकट सांगायला तिला पावसाळा उलटेपर्यंत वेळ लागला.

डिसेंबर २०२३ मध्ये तिच्या हातात दोन गोष्टी होत्या. दिल्लीत एनओ-ए दर्जाची तात्पुरती नेमणूक, जी एका वेळी ३६४ दिवसांपलीकडे जात नाही. आणि पूर्व आफ्रिकेतल्या एका देशात आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक तज्ज्ञ म्हणून निवड. त्यासाठी वय २७ लागतं, ते नुकतंच पूर्ण झालं होतं. पैसा दिल्लीत जास्त होता, घरही जवळ. आफ्रिकेत मिळणार होता तो दुसऱ्या देशात काम केल्याचा अनुभव, आणि पी दर्जाच्या जाहिरातींत त्याची मागणी असते. आईने या वेळी बाबांना गप्प केलं. ‘बिहारला गेली तेव्हा पण असंच म्हणत होता.’

ती गेली.

पूर्व आफ्रिका आणि २०२५

तिथे काम जिल्हा पातळीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना डीएचआयएस-२ या आरोग्य आकडेवारीच्या संगणक प्रणालीतली माहिती वाचायला शिकवण्याचं. ऑस्लो विद्यापीठाच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही मुक्तस्रोत प्रणाली आफ्रिकेतले बरेच देश वापरतात. पहिल्याच महिन्यात तिने मला एका रजिस्टरच्या रकान्याविषयी लिहिलं. तिथेही ढीग होता, फक्त ३.० वर. या वेळी कुणाशी कसं बोलायचं ते तिला माहीत होतं.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली. मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांनी यूएन-८० हा खर्च आणि रचना तपासण्याचा उपक्रम जाहीर केला. एकापाठोपाठ एक संस्था जागा कमी करू लागल्या. तिचा प्रकल्प ज्या निधीवर चालत होता त्यातला मोठा वाटा आटला. करार वाढणार नाही असं मेअखेरीस कळलं आणि ऑगस्टमध्ये ती परत आली. तिच्या मूल्यमापनात खोट नव्हती. तरीही जागा गेली.

काय वेगळं करता आलं असतं

दिल्ली घेतली असती तर बरं झालं असतं का, हे तिचे बाबा अजून विचारतात. तात्पुरती नेमणूक २०२४ च्या शेवटी संपलीच असती, आणि नूतनीकरण नेमकं कपातीच्या तोंडावर आलं असतं. तेव्हा आफ्रिकेचा निर्णय मला आजही योग्य वाटतो. पण निर्णय घेताना एक गोष्ट तपासायला हवी होती. प्रकल्पाचा निधी किती दात्यांकडून येतो आणि कधीपर्यंत मंजूर आहे. हा प्रश्न निवड झाल्यावर, होकार कळवण्याआधी, मोकळेपणाने विचारता येतो. कुणी रागावत नाही.

फ्रेंच उशिरा सुरू झालं. सचिवालयाच्या कामकाजाच्या भाषा इंग्रजी आणि फ्रेंच, आणि पश्चिम आफ्रिकेतल्या बहुतेक जागांना फ्रेंच लागतंच. देवनारला असतानाच सुरुवात केली असती तर २०२३ मध्ये तिला दुप्पट जागांना अर्ज करता आला असता असं नाही म्हणणार, पण बऱ्याच जास्त जागा खुल्या झाल्या असत्या. पाटण्यात रोज रात्री ऑनलाइन वर्ग करून तिने ते कमावलं.

२०२१ चा आयएसएसचा प्रयत्न अर्धवट तयारीचा होता. तो किंवा पूर्ण द्यायला हवा होता, किंवा त्या वर्षी सोडायला हवा होता.

आणखी एक बारीक पण महागात पडलेली गोष्ट. बिहारमधल्या पर्यवेक्षकांची बदली झाल्यावर शिफारस आणि कामाचं लेखी मूल्यमापन मिळवायला फार हेलपाटे पडले. हे कागद करार चालू असतानाच हातात घ्यावेत.

उरलेलं सगळं एका उमेदवाराच्या हातातलं नाही. करार संपण्याच्या सहा महिने आधी यजमान संस्थेने स्वयंसेवकाबरोबर बसून पुढचा विचार करावा, एवढी साधी तरतूदही तिच्या वाट्याला आली नाही. आणि आपली विद्यापीठं? जर्मनी विद्यार्थ्यांच्या जिनिव्हातल्या सहा महिन्यांसाठी पैसे उभे करते, आपली विद्यापीठं निवड झालेल्या मुलाचा सत्कार करतात. दरवर्षी दोनच विद्यार्थ्यांना विद्यावेतन देणारा निधी एखाद्या विद्यापीठाने काढला, तरी राहतं घर गहाण टाकायची पाळी कुणावर येणार नाही. ही मागणी मी लेखी केली आहे आणि करत राहणार आहे.

आजची स्थिती

हे लिहिते आहे तेव्हा, २०२५ च्या अखेरीस, ती पुण्यात एका अल्पमुदतीच्या करारावर आरोग्य आकडेवारीचं काम करते. फ्रेंचची बी-२, म्हणजे स्वतंत्रपणे भाषा वापरता येण्याच्या पातळीची परीक्षा उत्तीर्ण झाली आहे. एका संस्थेच्या पी-२ जागेची लेखी चाचणी देऊन झाली, पुढचं पत्र यायचं आहे. वायपीपीच्या वयात ती २०२८ पर्यंत बसते.

आयएसएससाठी मात्र २०२६ हा शेवटचा प्रयत्न, कारण त्या वर्षीच्या १ ऑगस्टला तिचं वय २९ असेल, पुढच्या १ ऑगस्टला ३० पूर्ण झालेलं असेल आणि दार बंद. या वेळी अर्धवट द्यायचा नाही असं तिने ठरवलं आहे. पुण्यातला करार डिसेंबर २०२५ अखेर संपेल, तो पुढे वाढवून मागायचा नाही, आणि जानेवारीपासून लातूरला राहून पूर्ण वेळ अभ्यास करायचा. पी-२ चं पत्र मध्येच आलं तर मुलाखत द्यायची, निवड झाली तर काय करायचं ते तेव्हा बघू, असं ती म्हणते. बाबांनी वरच्या खोलीत टेबल लावून ठेवलं आहे.